माळावरचा कोरा चहा

माळावरून घरी परतले की लुगड्याच्या काठाला कुसळे चिकटलेली असतात. कोणते कुसळ कुठल्या बांधावर चिकटले हे सांगता येत नाही. पण ओट्यावर बसून एकेक वेचू लागले की ओंजळ भरते. किस्स्यांचेही तसेच आहे. मी ते मुद्दाम जमवलेले नाहीत. जमवायचेच असते तर निदान असे जमवले असते, की ज्यांत दरवेळी माझीच फजिती होणार नाही!

तुम्ही मंडळी आग्रह करता म्हणून सांगते. मात्र क्रमाने सांगेन, आणि मध्ये कोणी बोलायचे नाही.

मी जुन्या मॅट्रिकची. मुडबीच्या पलीकडे एका लहानशा गावात, तिथल्या मराठी शाळेत मी वीस-बावीस वर्षे शिकवले. रुजू झाले तेव्हा आम्ही म्हैसूर राज्यात होतो, निवृत्त झाले तेव्हा कर्नाटकात. एवढ्या काळात राज्याचे नाव बदलले. गावाने मला विचारायचा प्रश्न मात्र बदलला नाही. तो प्रश्न असा: "काय बाई, दिसला का?"

* * *

या सगळ्याचे मूळ तिसरीच्या पुस्तकातल्या एका धड्यात आहे. धड्यात लांडगा होता आणि तो लबाड होता. मी तो शिकवला, मुलांकडून 'लबाड' हा शब्द पाच वेळा लिहवून घेतला आणि समाधानाने घरी गेले.

दुसऱ्या दिवशी वर्गाच्या दारात बिराप्पा उभा. हा आमच्या गावचा धनगर. खांद्यावर घोंगडी, कमरेला गोफण, आणि एरवी शाळेकडे कधी न फिरकणारा. त्याची मुलगी माझ्या वर्गात होती. पायताण बाहेर काढून तो उंबऱ्याशी थांबला आणि अगदी अदबीने म्हणाला, "बाई, लांडगा लबाड आसतो मनून शिकवायलाव म्हनं. तुम्ही बघितलाव का?"

चाळीस मुले माझ्याकडे पाहत होती. खोटे बोलण्याची मला सवय नाही. मी म्हणाले, "नाही."

"मग?" बिराप्पा म्हणाला.

जे मी स्वतः पाहिले नाही, त्याच्या चारित्र्याविषयी चाळीस मुलांना पाठ करायला लावणे मला योग्य वाटेना. मी मुलांना त्या पानाचा कोपरा दुमडायला सांगितला आणि जाहीर केले, की लांडगा पाहिल्यानंतरच हा धडा पुन्हा शिकवीन. एका महिन्यात हे काम उरकेल, असा माझा अंदाज होता.

* * *

बिराप्पाने रविवारी पहाटे बोलावले. हौसेने लांडगा पाहायला येणाऱ्यांना तो माळावर नेत असे. त्याची पद्धत साधी होती. पहाटेच्या गारव्यात मेंढरे माळावर काढायची, आलेल्या माणसाने मेंढरांतली घोंगडी खोळ करून डोक्यावरून घ्यायची आणि मेंढरांच्या मध्ये दगडासारखे बसायचे. लांडग्याला धनगराच्या वासाची सवय असते; तो वास आला की तो बिचकत नाही. बोलायचे नाही, उठायचे नाही, बोट दाखवायचे नाही आणि वाऱ्याकडे पाठ करायची नाही.

मी आंघोळ करून, इस्त्रीचे पांढरे लुगडे नेसून वेळेवर हजर झाले. बिराप्पाने घोंगडी पुढे केली. तिचा वास सहा हातांवरून येत होता. मी विचारले, "ही धुतलेली आहे का?"

"बाई, धुतलेली घोंगडी पांघरलाव तर लांडगा राहू द्या, मेंढरंच पळतील."

मी श्वास रोखून ती पांघरली. तासभर बसले. थंडीने अंग जरासे आवळले तरी लुगड्याची खळ कागदासारखी वाजे. उजाडले, सूर्य वर आला, लांडगा काही आला नाही. परतताना बिराप्पाला राहवले नाही.

"बाई, तुम्ही कायबी बोलला न्हाईत. पर तुमचं लुगडं लई बोलतंय."

त्या दिवसापासून रविवारपुरती मी खळ सोडली.

मेंढरांच्या तळावर बिराप्पाची बायको सत्तेव्वा चहा करी. तिचा एक दंडक होता. ज्याला लांडगा दिसला त्याला काळ्या शेळीच्या दुधाचा चहा. ज्याला दिसला नाही त्याला कोरा. दंडक तिने घातला कधी आणि का, हे कोणाला ठाऊक नव्हते. पण तो मोडलेला कोणी पाहिला नव्हता. तिने मला विचारले, "दिसला का, अक्का?" मी "नाही" म्हणाले आणि कोरा चहा प्याले. गुळाचा होता. बरा होता. पुढे मला त्याची चांगलीच सवय होणार होती.

* * *

शेवंताबाई कांबळे माझ्या शाळेतच पहिली-दुसरीला शिकवीत. त्यांच्या घरात बौद्ध धम्म घेतल्यानंतरच्या पिढीतली शिकलेली ही पहिली मुलगी. मोकळ्या स्वभावाची, हसरी, आणि माझ्या शिस्तीची नक्कल माझ्याच समोर करून दाखवणारी. मी सहा महिने कोरा चहा पिते आहे हे कळल्यावर त्या म्हणाल्या, "बाई, मी येते. माझा पायगुण चांगला हाय."

मी त्यांना वाटेत सगळे नियम समजावले. माळावर बसल्यावर पुन्हा एकदा हळू आवाजात समजावले. पाच मिनिटेही झाली नसतील, शेवंताबाईंनी माझ्या मागे बोट दाखवले. रानात असे बोट दाखवू नये, जनावर बुजते, म्हणून मी त्यांचा हात धरून खाली केला आणि त्यांना नियम क्रमांक तीन सांगितला. तो सांगून होईपर्यंत लांडगा माझ्या पाठीमागून निघून गेला होता.

तळावर शेवंताबाईंना दुधाचा चहा मिळाला. त्यांना माझी दया आली. अर्धा चहा माझ्या कपात ओतायला त्यांनी बशी उचलली, तोच सत्तेव्वाने त्यांचा हात धरला.

"तसं चालत न्हाई, अक्का. त्यास्नी अर्धा लांडगा दिसला आसता तर अर्धं दूध दिलं आसतं."

* * *

पुढे इन्स्पेक्टरसाहेब तपासणीला आले. धारवाडकडचे गृहस्थ, मराठी जपून बोलणारे. त्यांनी तिसरीची पुस्तके चाळली आणि प्रत्येक पुस्तकात एकाच पानाचा कोपरा दुमडलेला पाहून कारण विचारले. हेडमास्तरांचा चेहरा उतरला. मी मात्र घडले ते सांगितले.

साहेबांनी पुस्तक मिटले. मग त्यांनी विचारले, "पहाटे किती वाजता?"

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांसकट सारे गाव निजलेले असताना साहेब कोट, बूट, मफलर अशा थाटात हजर! बिराप्पाने त्यांना नीट न्याहाळले आणि कोटावरूनच घोंगडी घातली. साहेब निमूट बसले. एक कोकरू त्यांचा मफलर चघळू लागले, तरी ते हलले नाहीत. माणूस शिस्तीचा, हे मला तेव्हाच कळले.

पहाटे दव फार होते. माझ्या चष्म्यावर धुके धरले. मी चष्मा काढला, पदराच्या टोकाने आधी उजवी काच पुसली, मग डावी पुसली, मग उजेडाकडे धरून पाहिली. पुन्हा डोळ्यांवर ठेवला तेव्हा साहेबांचे तोंड उघडे होते आणि बिराप्पा कपाळाला हात लावून बसला होता.

जाताना साहेबांनी शाळेच्या शेरेबुकात लिहिले, ते मला अजून पाठ आहे: "बाईंचे अध्यापन उत्तम. लांडग्याचा धडा, बाईंना तो दिसेपर्यंत, तहकूब."

खाली सही आणि शिक्का.

* * *

एका दिवाळीत माझा धाकटा भाऊ सोलापूरहून आला. त्याच्याकडे दुर्बीण होती. तो म्हणाला, "ताई, तुझ्या नशिबात दोष नाही, डोळ्यांत आहे. हिच्यातून पाहा."

पाहिले. आणि काय सांगू, समोर लांडगा बसलेला! ताठ मान, उभे कान, आमच्याकडेच रोखून पाहणारा. मी श्वास धरून पुरी दहा मिनिटे त्याला पाहिले. त्याच्या बैठकीतले गांभीर्य, त्याचा संयम, सगळे मनात टिपून घेतले. असा प्राणी लबाड असूच शकत नाही, असा निर्णयही मी केला.

परत येताना मी तळाच्या अगदी जवळ आल्यावर बिराप्पाला हे सांगितले. सत्तेव्वाने माझा चेहरा दुरूनच पाहिला होता. तिने काही न विचारता दुधाचे भांडे उचलून माझ्या कपावर तिरपे केले.

"कुठं बसला व्हता, बाई?" बिराप्पाने विचारले.

मी जागा सांगितली. त्याने मान खाली घातली.

"बाई, त्यो हद्दीचा दगड. त्यो निजामाच्या काळापसनं तिथंच बसलाय."

दुधाची धार कपात पडणारच होती. मी हात आडवा धरला आणि म्हणाले, "थांब सत्तेव्वा. तो दगड होता." सत्तेव्वाने भांडे सरळ केले. भाऊ पुटपुटला, की एवढ्याशा दुधासाठी कोण इतके खरे बोलते. सत्तेव्वा त्याला म्हणाली, "आमच्या बाई बोलत्यात."

ती मला एरवी 'अक्का' म्हणे. 'आमच्या बाई' त्या दिवशी प्रथम म्हणाली.

* * *

आता पाटलांचा किस्सा. आमचे पोलीस पाटील मनाने वाईट नव्हते. पण लांडग्याचे नाव काढले की त्यांचा पारा चढे. एका सोमवारी त्यांची बोकडी नाहीशी झाली. पाटलांनी चावडीवर माणसे जमवली. ओढ्याच्या काठी लांडग्याचे बीळ आहे असा त्यांचा संशय होता. तुराट्या पेटवून बीळ धुपवायचे आणि बाहेर येईल त्याला काठ्यांनी ठेचायचे, असा बेत ठरत होता. बिराप्पा लांब उभा राहून हात जोडत होता. म्हणत होता, त्याच्याच माळावर आपण बसलोय, अण्णा. देवानं आपल्याला मेंढरं दिली आन् त्याला भूक दिली, त्यात त्याचा काय गुन्हा.

तेवढ्यात कोणाला तरी आठवले, की आदल्या पहाटे बाई माळावर होत्या. मला बोलावणे आले.

"बाई, काल दिसला का लांडगा?" पाटलांनी विचारले.

"नाही," मी म्हणाले.

पाटलांनी काठी खाली ठेवली. "बाई न्हाई मनल्या मंजी न्हाई. स्टॅम्प पेपर खोटा निघंल, बाई निघायच्या न्हाईत." आणि मग चारचौघांत हसून म्हणाले, "आता आसं ठरलं. ज्या दिवशी बाई 'दिसला' मनतील, त्याच दिवशी बीळ धुपवू."

चावडी हसली. कोणीतरी म्हणाले, "मग लांडग्याला शंभर वर्सं मरण न्हाई."

मीही हसले. बिराप्पा तेवढा हसला नाही. पाटील शब्दाचे पक्के होते, हे त्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक होते.

बोकडी तिसऱ्या दिवशी सापडली. पाटलांच्याच तुरीत, शेंगा खाऊन पोट फुगलेल्या अवस्थेत.

* * *

पाटील आता नाहीत, म्हणून हा शेवटचा सांगते.

माझ्या निवृत्तीच्या वर्षी, हिवाळा सरत आला होता. सामान बांधून झाले होते; सोमवारी निरोपसमारंभ आणि मंगळवारच्या बसने सोलापूर. म्हणजे हाती एक रविवार उरला होता. दुमडलेल्या कोपऱ्याची पुस्तके किती वर्गांच्या हातांतून गेली होती! तो धडा न शिकवता शाळा सोडायची, ही गोष्ट मनाला टोचत होती. आणि ती मी फक्त बिराप्पाजवळ बोलले होते. त्यानेही मला एकटीला एक गोष्ट सांगितली होती. ओढ्याच्या काठी खरेच बीळ होते आणि त्यात चार पिल्ले होती. त्यांचे डोळे नुकते उघडले होते.

त्या पहाटे आम्ही दोघेच माळावर होतो. कुत्रे तळावर सत्तेव्वाजवळ राहिले होते. घोंगडीचा वास आता मला येत नसे. बहुधा मलाच तो लागला होता. मेंढरे चरत होती. काळी शेळीही होती आणि तिच्या मागे तिचे करडू, त्या आठवड्यात प्रथमच माळावर आलेले, उगीच उड्या मारीत होते. बिराप्पा माझ्यापासून दहा हातांवर बसला होता. गोफणीत दगड घातलेला होता, तो नेहमीच असे.

झुंजूमुंजू झाले. मी सवयीने हद्दीच्या दगडाकडे पाहिले.

त्या दिवशी दगड दोन होते.

मी चष्मा पुसला नाही. दुसरा दगड उठला आणि चालू लागला. मातकट रंग, बारीक पाय, पोट खपाटीला गेलेले. आणि त्या पोटाखाली दूध पाजणाऱ्या आईच्या सडांची लोंबती ओळ. ती लांडगीण मेंढरांच्या कडेने सरळ आमच्या बाजूला आली. माझ्यापुढे, इथून त्या दारापर्यंत असेल एवढ्या अंतरावर, ती थांबली. तिने माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत लबाडी नव्हती. घाई होती. घरी मुले ठेवून आलेल्या बाईच्या डोळ्यांत असते तशी.

करडू तिच्यापासून चार पावलांवर होते.

ओरडले असते तर ते वाचले असते. मला आवाज आहे. चाळीस मुलांना गप्प करणारा आवाज आहे. मी बिराप्पाकडे पाहिले. गोफण त्याच्या मनगटाला गुंडाळलेली होती, दगड तिच्या मधल्या पाळण्यात होता, आणि त्याचा हात गुडघ्यावर होता. आमची नजरानजर झाली. त्याने हात उचलला नाही. मी तोंड उघडले नाही.

करडाचा आवाजसुद्धा आला नाही. ती ओढ्याच्या दिशेने गेली, मान एका बाजूला कललेली, तोंडातले ओझे जपत.

आम्ही मेंढरे वळवली. काळी शेळी आमच्या मागे-पुढे धावत ओरडत होती.

तळ त्या आठवड्यात पाटलांच्याच शेतात होता. खतासाठी मेंढ्या बसवल्या होत्या. पाटील स्वतः बांधावर उभे होते. मला पाहून त्यांनी आपुलकीने हाक मारली. म्हणाले, आता आमाला खरं-खोटं सांगायला कोण ऱ्हाणार. मग नेहमीचा प्रश्न विचारला.

"काय बाई, शेवटचा रविवार. दिसला का?"

सत्तेव्वा चुलीपुढे बसली होती. चहा उकळला होता. ती माझ्याकडे पाहत होती.

मी म्हणाले, "नाही."

पाटील मोठ्याने हसले. "ऱ्हाऊ द्या बाई. नशिबात न्हाई." मग त्यांचे लक्ष शेळीकडे गेले. "ही वरडायलीय कामून?"

"दूध दाटलंय तिचं," बिराप्पा जमिनीकडे पाहत म्हणाला.

पाटलांनी मान हलवली, मला हात जोडून नमस्कार केला आणि ते विहिरीकडे निघून गेले.

सत्तेव्वा उठली. तिने शेळीच्या मागे पाहिले. माळाकडे पाहिले. बिराप्पाच्या मनगटाला गुंडाळलेली गोफण आणि तिच्यातला दगड पाहिला. शेवटी माझ्याकडे पाहिले, आणि आयुष्यात प्रथमच माझी मान आपोआप खाली गेली.

ती भांडे घेऊन शेळीपाशी बसली. शेळी तिला धार काढू देईना. तिने तिच्या पाठीवर हात फिरवला, तेव्हा उभी राहिली. भांडे भरून ती चुलीशी परतली. माझा कप पुढे ओढून तिने त्यात दूध ओतले. मी हात आडवा धरला. तिने तो बाजूला सारला आणि कप काठोकाठ भरला.

"प्या, अक्का," ती म्हणाली.

आणि गोफणीतला दगड तसाच परत आणलेल्या बिराप्पापुढे तिने कोरा चहा ठेवला.